भुवईची शेपटी कुठे गेली?

‘ताई, टोकाला कोरायला काही उरलंच नाही!’ पार्लरवालीचं हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. भुवईचा कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ झाला असेल, तर दोऱ्यावर संशय घ्याच. पण थायरॉईडही तपासा. ही ग्रंथी मंदावली की नेमकं तेच टोक झडू शकतं. वैद्यकात या खुणेला बेल्जियमच्या युजीन हर्टोघ या डॉक्टरांचं नाव आहे. दुसरं नाव जास्त झोकदार: ‘राणी ॲनची खूण’. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाची ही डेन्मार्ककडची राणी. चित्रात तिच्या भुवया तोकड्या दिसतात म्हणून बिचारीवर थायरॉईडचा शिक्का बसला. पुरावा शून्य!

त्याच टोकाकडे कुष्ठरोगाचे डॉक्टरही बारकाईनं बघतात. या रोगाच्या जंतूला शरीरातल्या थंड जागा मानवतात. आजार पसरला की भुवया बाहेरच्या बाजूनं झडू लागतात. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण गेलेल्या भुवया बहुधा परतत नाहीत, आणि लोकांचा विश्वास डॉक्टरच्या कागदापेक्षा चेहऱ्यावर जास्त. मग डोक्यावरचे केस काढून भुवईच्या जागी रोवतात. गंमत पुढे आहे: हे केस आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. डोक्यावर असल्यासारखे वाढतच राहतात, त्यामुळे भुवयांची कटिंग अधूनमधून करावी लागते.

भुवईत अचानक गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती बहुधा चाई. शरीराची संरक्षक फौजच केसांच्या मुळांवर उलटते.

आता पापण्या. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात; रोज एखाददुसरा गळला तर बिघडत नाही. पापण्यांच्या कडेला कोंडा, खाज आणि गळती असेल, तर कडांना सूज आलेली असू शकते. मात्र एकाच जागचे केस गेले आणि तिथेच रांजणवाडीसारखी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तर घरगुती शेकावर थांबू नका. थेट डोळ्यांचे डॉक्टर गाठा. क्वचित ती गाठ कर्करोगाची निघते.

उलटा किस्साही आहे. काचबिंदूसाठी बिमॅटोप्रॉस्टचे थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या लांब, दाट, काळ्याभोर होऊ लागल्या. औषधाचा दुष्परिणाम, पण तक्रार कोण करणार? २००८मध्ये अमेरिकेत तेच औषध पापण्या वाढवण्यासाठी मंजूर झालं. फक्त पापणीची कातडीही काळवंडू शकते, आणि थेंब बंद केले की केस हळूहळू पहिल्यासारखे होतात.