मंडईची रात्र आणि पॉडकास्टचा श्रोता

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) आणि तिच्या आसपासची गावे धानावर जगतात. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येते, मळणी होते, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळू लागतात, दुकानदाराची थकलेली उधारी वसूल होते. आणि त्याच सुमारास या मुलखात मंडई, शंकरपट व नाटके यांचा हंगाम उघडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे चार जिल्हे मिळून झाडीपट्टी. येथील रंगभूमी होळीपर्यंत चालते. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि प्रयोग संपतो तेव्हा पूर्वेकडे उजाडू लागलेले असते. कडाक्याच्या थंडीत, घोंगडी पांघरून, तिकीट काढून हजारो माणसे रात्रभर बसतात. मोबाईलवर पॉडकास्ट सुरू करून ‘श्रोते मिळत नाहीत’ म्हणून दुसऱ्याच महिन्यात निराश होणाऱ्या तरुणाने हा प्रेक्षक कसा जमतो ते एकदा नीट पाहावे.

नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज. तेथे मंडळ्यांची कार्यालये हंगामापुरती गजबजतात. गावातील एखादे मंडळ तेथे जाऊन प्रयोग ठरवते, तारीख पक्की करते, मंडप घालते आणि तिकिटे विकते. येथे खरी मेख आहे. प्रयोगाचा खर्च गावातील मंडळाने अंगावर घेतलेला असल्याने प्रत्येक सभासद आपोआप प्रचारक होतो. रंगीत फलक भिंतींवर आणि बसथांब्यांवर झळकतात, भोंगा लावलेली गाडी आसपासच्या गावांतून फिरते. परंतु प्रेक्षक खऱ्या अर्थाने आणतो तो पाहुण्यांना धाडलेला निरोप. मंडईसाठी लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकींची बोलणी होतात. नाटक या साऱ्या भेटीगाठींच्या मध्यभागी ठेवलेले असते. त्याच रात्री, त्याच गावी, दरवर्षी. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथम ऐकले. दिघोरीच्या माणसाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

पॉडकास्ट हा शब्द तसा जुना नाही. २००४ साली ‘गार्डियन’ या इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात बेन हॅमरस्ली यांनी तो वापरला, आणि २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिल्यावर तो घरोघरी पोहोचला. भारतात २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ऐकण्याचे दालन खुले झाले. मराठीत सौमित्र पोटे यांचे ‘मित्रम्हणे’, विनायक पाचलग यांचे ‘थिंक बँक’, तसेच ‘अमुक तमुक’ व ‘व्हायफळ’ ही नावे आज अनेक घरांत परिचयाची आहेत. या सर्वांनी केवळ आवाजावर न थांबता यूट्यूबवर चित्रासह आपला श्रोता मिळवला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी माणूस पॉडकास्ट शोधण्यास बहुधा यूट्यूबवरच जातो.

व्यापारी कुटुंबातील तरुणाची चूक साधारणतः एकच असते. तो चांगला माईक घेतो, ‘यशाचे रहस्य’ यांसारखे नाव ठेवतो, दहा भाग ध्वनिमुद्रित करतो आणि नातलगांच्या, समाजाच्या, शाळासोबत्यांच्या सर्व व्हॉट्सॲप गटांवर एकाच दिवशी दुवा टाकतो. अभिनंदनाची फुले भरपूर येतात. ऐकणारे मात्र मोजके. कारण यशाचे रहस्य सांगणारे शेकडो आहेत आणि त्यांतील पुष्कळांकडे याच्याहून मोठे पाहुणे आहेत. दिघोरीच्या दुकानात मात्र असे काही आहे, जे त्यांच्यापैकी कोणाकडेही नाही. मोडीत लिहिलेली वही वाचू शकणारे आजोबा आहेत. धानाचा भाव, हुंडी, आठवडी बाजार, पुरामुळे अडलेल्या गाड्या, गावोगावी खांद्यावरून नेलेले कापडाचे गठ्ठे, हे सारे त्यांच्या तोंडी आहे. आणि ते सांगताना त्यांची भाषा अर्धी पेढीची, अर्धी झाडीबोली असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी मोठे कष्ट घेतले; तिला ग्रंथांत आणि संमेलनांत स्थान मिळाले. तिचा रोजच्या व्यवहारातील आवाज मात्र अजून फारसा जतन झालेला नाही, आणि तो जतन करण्यास उपलब्ध असलेली वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहेत. आजोबांचे वय कोणाची वाट पाहत नाही.

असा विषय हाती असेल तर श्रोता कोण हेही आपोआप ठरते. नागपूर, पुणे, रायपूर येथे स्थिरावलेली, याच मुलखातून गेलेली माणसे हा पहिला श्रोता. भागाचे नाव त्यांच्या शोधाच्या शब्दांत असावे. ‘भाग ७ : आठवणी’ असे लिहिण्यापेक्षा ‘लाखांदूरच्या बाजारात बैलगाडीने धान कसे यायचे’ असे लिहिले तर तो शोधणाऱ्यास सापडतो. आरंभीचे अर्धे मिनिट नमस्कार, सत्कार व प्रायोजकांचे आभार यांत घालवू नये. गोष्टीतील सर्वांत चटकदार वाक्य तेथे यावे. एका भागातून एक मिनिटाचा तुकडा काढून तो स्टेटसवर ठेवावा. दुवा गटावर टाकण्यापेक्षा वीस माणसांना, ज्याच्या त्याच्या नावाने, ‘काका, यात तुमच्या वडिलांच्या दुकानाचा उल्लेख आहे’ असे लिहून पाठवावा. हे काम वेळ खाते, पण गिऱ्हाईक असेच बांधले जाते, हे पेढीवर बसलेल्यास वेगळे शिकवावे लागत नाही. वार आणि वेळ ठरलेली असावी. पंधरवड्यातून एक भाग, परंतु चुकवायचा नाही.

रेडिओच्या काळातही हेच घडले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘गीतमाला’ लोकप्रिय झाली. त्या काळात फर्माईश कार्यक्रमांत आपले नाव वाचले जावे म्हणून श्रोते पत्रे पाठवत. या पत्रांमुळे झुमरी तलैया हे लहानसे गाव देशभर ठाऊक झाले. ज्याचे नाव वाचले गेले, तो दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीला सांगत असे. पॉडकास्टवाल्याने आलेल्या प्रतिक्रियांतील दोन नावे पुढील भागात वाचली, एखाद्याने कळवलेली चूक जाहीरपणे दुरुस्त केली, तर तो श्रोता सहसा तुटत नाही.

आकड्यांविषयी मात्र सावध राहावे. पैसे देऊन अनुयायी वाढवून देणारे पुष्कळ भेटतात. ते अनुयायी ऐकत नाहीत. आणि लोक अर्ध्यावर सोडून जातात असे दिसले की यूट्यूब तो भाग इतरांपुढे ठेवणे कमी करते. म्हणजे खोटी विक्री वहीत लिहून दुकान फुगवण्याचाच हा प्रकार. किती जणांनी उघडले यापेक्षा सरासरी किती मिनिटे ऐकले, हा आकडा पाहावा. जाहिरातींतून उत्पन्न मिळावयाचे तर यूट्यूबवर १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे आवश्यक असते. लहान गावच्या विषयास तेथवर पोहोचण्यास दोन-तीन वर्षे लागली तरी घाबरण्याचे कारण नाही. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ साली ‘जैन बोधक’ सुरू केले, तेव्हा त्यांनाही वाचक एकेक करूनच मिळवावा लागला असणार.

घरातील मोठ्यांची संमती ही या व्यवहारातील नाजूक बाब. वाटणीची, कर्जाची, मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट बोलण्याच्या ओघात निघून जाते आणि ऐकण्यास तीच सर्वांत रंजक असते. ती छापून आलेली नसली तरी हजारो कानांत जाणार आहे. ध्वनिमुद्रण झाल्यावर आजोबांना पूर्ण भाग ऐकवावा, आणि त्यांनी ‘एवढे काढून टाक’ म्हटले तर तेवढे काढावे, मग तो तुकडा कितीही गाजणारा असो.

आरंभासाठी दिवाळीपूर्वीचे दोन महिने उत्तम. सहा भाग तयार करून ठेवावेत आणि पहिला भाग मंडईच्या आठवड्यात सोडावा. बाहेरगावी गेलेले सारे तेव्हा घरी असतात. दुकानाच्या गल्ल्यापाशी मोबाईल ठेवलेला असावा, आणि धानाचे पैसे घेऊन आलेला म्हातारा शेतकरी उभा राहून विचारील, ‘हा आवाज शेठजींचाच ना?’ त्याच्यासोबत आलेला नातू तेथेच उभा असतो. त्याच्या मोबाईलवर पुढचा भाग लावून द्यावा.