लगा लगा लगा लगा लगा

‘आधी इंग्रजी येऊ दे, मग कविता,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. माझं मत नेमकं उलटं आहे, आणि कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत त्याला आधारही सापडतो.

सांगलीचं विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचं. ऑक्सफर्डहून १९३८ मध्ये परतलेले विनायक कृष्ण गोकाक इथे प्राचार्य होते. मातृभाषा कन्नड, कर्मभूमी मराठी मुलखात आणि विषय इंग्रजी. पुढे ते हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे संचालक झाले आणि कन्नड साहित्यासाठी ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. इकडे साताऱ्यात जन्मलेले कवी गिरीश आणि चाफळचे कवी यशवंत १९२३ च्या सुमारास पुण्यात रविकिरण मंडळात एकत्र आले. गिरीशांनी टेनिसनच्या ‘ईनक आर्डन’वरून ‘अनिकेत’ लिहिलं. जहाज फुटून बेपत्ता झालेला खलाशी अनेक वर्षांनी गावी परततो, तर बायकोने दुसरा संसार मांडलेला. या माणसांना परक्या भाषेतली कविता परकी वाटली नाही, कारण त्यांचा कान आधीच कवितेने तयार झालेला होता.

आपला कानही तसा तयार आहे. वृत्तांचे गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ घोकलेल्या प्रत्येकाकडे इंग्रजी छंदाची किल्ली आहे, फक्त ती लावून पाहायला कुणी सांगितलेलं नसतं. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. ‘लगा’ पाच वेळा म्हणा, शेक्सपिअरच्या सुनीताची ओळ मिळाली: दहा अक्षरं, पाच ठोके. फरक एवढाच की आपला गुरू वेळाने मोठा असतो, तर इंग्रजीतला ठोका जोराने. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना सगळ्या अक्षरांवर सारखाच भार देतो, म्हणून शब्द बरोबर असूनही समोरच्याला पटकन कळत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. हे नियमांच्या यादीतून शिकायचं तर जन्म जाईल. कवितेत मात्र जोर चुकला की ओळ लंगडते आणि चूक कानालाच कळते. यमकांचंही तसंच. स्पेलिंग काहीही असो, दोन ओळींची टोकं जुळायची असतील तर उच्चार जुळलेच पाहिजेत. अपवाद आहेत, जुन्या कवितेत तर पुष्कळच. तरी सुरुवातीला ही खूण फार उपयोगी पडते.

शाळेत नेमकं हेच राहून जातं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, पण दहावीला पोचेपर्यंत कविता म्हणजे रसग्रहणाचा प्रश्न होऊन बसते. कवीचं नाव, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, सगळं गाइडमधून तयार. कविता मोठ्याने म्हटलेली नसताना तिच्या यमकांची रचना पाठ करणं याला मी शिकणं म्हणणार नाही.

त्यापेक्षा ओळखीच्या अनुभवातून आत शिरावं. वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता १८०७ मध्ये छापली गेली. त्याआधी, १५ एप्रिल १८०२ रोजी, तो आणि बहीण डोरोथी तळ्याकाठून चालत असताना ती फुलं दोघांनी पाहिली होती, आणि डोरोथीने ती साध्या गद्यात रोजनिशीत टिपून ठेवली होती. ऑगस्ट-सप्टेंबरात कासचं पठार पाहिलेल्या सातारकर मुलाला या कवितेतला आनंद समजावून सांगावा लागत नाही. त्याला फक्त शब्द हवे असतात. डोरोथीची नोंद आधी वाचायला द्यावी, मग कविता.

याहून सोपी वाट आपल्याच घरातून जाते. अरुण कोलटकर कोल्हापूरचे. खंडोबाच्या जेजुरीवरची त्यांची इंग्रजी कवितामालिका ‘जेजुरी’ १९७६ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. तिची सुरुवात एसटीच्या प्रवासाने होते. पालीच्या खंडोबाला जाऊन आलेल्या माणसाला यातलं काय परकं वाटणार? शब्द छोटे, वाक्यं सरळ, आणि पायऱ्या, पुजारी, भंडारा सगळं ओळखीचं. शिवाय कोलटकरांनी ‘जेजुरी’ मराठीतही लिहिली आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखा अभ्यास दुसरा नाही.

तीच गोष्ट दिलीप चित्रे यांच्या ‘सेज तुका’ची. हा तुकोबांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थ आधीच अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे डिक्शनरीकडे धाव न घेता वाचक वाक्याच्या बांधणीकडे बघू लागतो: क्रियापद कुठे गेलं, चित्र्यांनी काय सोडलं, काय नव्याने जोडलं. अभंगाचा ठेका इंग्रजीत तसाच उतरत नाही. तो का उतरत नाही हे शोधताना दोन्ही भाषांचा स्वभाव कळतो, आणि हा शोध दहावीतली मुलंही घेऊ शकतात.

या सुट्टीत घरातल्या मुलांबरोबर एक अभंग निवडा. मूळ आधी चालीवर म्हणा, मग इंग्रजी अनुवाद मोठ्याने वाचा, अडखळलात तरी थांबू नका. अर्थ विचारण्याआधी दोन्ही निदान तीनदा म्हणून झाले पाहिजेत.