नाव काय लिहू?

मतदार यादी करणारा कर्मचारी दारात आला, घरातल्या बाईचं नाव विचारलं, आणि उत्तर आलं : अमक्याची बायको. नाहीतर तमक्याची आई. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत ही अडचण इतकी वाढली, की मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना निर्णय घ्यावा लागला. बाईनं स्वतःचं नाव सांगितलं तर यादीत, नाही सांगितलं तर बाहेर. देशात आठ कोटींच्या घरात स्त्री मतदार होत्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख जणींची नावं अशी गळाली.

सेन यांच्या अहवालात अशा प्रकरणांसाठी ज्या राज्यांकडे बोट दाखवलं आहे, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश आणि राजस्थानसोबत मध्य भारतही आहे. १९४८ मध्ये माळव्यातली संस्थानं एकत्र होऊन मध्य भारत झाला. धार, तसंच देवास संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन्ही पात्या त्यातच गेल्या. आज देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीत असलेलं पीपलरावां हे गावही याच मुलखातलं.

माळव्यातल्या खेड्यात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत. गावाच्या नावापुढे ‘वाली’ जोडलं की भागलं. मराठी घरांत तर नाव रीतसर बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यात नवं नाव कोरायचं, पेढे वाटायचे. मग यादीवाल्याला बाईनं कोणतं नाव सांगावं? सेन यांचा नियम कठोर होता, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ‘अमक्याची बायको’ एकदा छापली गेली असती, तर ती पुढच्या प्रत्येक यादीत तशीच राहिली असती.

त्याआधी, ब्रिटिश काळात, मुंबई इलाख्यातल्या बायकांची अडचण वेगळी होती : आधी मतच मिळवायचं होतं. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मताधिकार मागायला मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. सुधारणांच्या अहवालात मात्र स्त्रियांच्या मताचा विषय आला नाही. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीनं ही मागणी नाकारली. १९१९ मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला साक्ष द्यायला गेल्या. तिथूनही थेट हक्क मिळाला नाही. पार्लमेंटनं प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर ढकलला. मग मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी पुढे झाल्या. १९२१ मध्ये आधी मद्रासनं आणि जुलैत मुंबईनं स्त्रियांना मत दिलं. अट पुरुषांचीच : मालमत्ता हवी, कर भरलेला हवा. मालमत्ता ज्यांच्या नावावर होती अशा बायका त्या काळी होत्या किती?

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. पण मुंबईचा ठराव देवासला लागू नव्हता. संस्थानी प्रजा प्रांतिक सुधारणांच्या कक्षेबाहेर. त्यामुळे मुंबईच्या बायका मालमत्तेची, मग शिक्षणाची अशा पायऱ्या चढत मतापर्यंत आल्या. देवासच्या बायकांपुढे मात्र १९५१-५२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं दार एकदमच आलं, आणि दारातच नाव विचारलं गेलं.

देवासच्याच एका मुलीला नावाची ही गोष्ट पुरती ठाऊक असणार. सरदार घाटग्यांच्या घरातली गजराबाई. डिसेंबर १८८५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, तिचं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी लग्न झालं. महाराजांची पहिली पत्नी, तंजावरची लक्ष्मीबाई, त्याच वर्षी क्षयानं वारली होती. लक्ष्मीबाईला सासरी चिमणाबाई म्हणत. गजराबाईलाही तेच नाव ठेवलं गेलं. इतिहासकारांना हिशेबासाठी ‘चिमणाबाई दुसऱ्या’ लिहावं लागतं.

या दुसऱ्या चिमणाबाईंनी पुढे पडदा टाकून दिला, आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं. परिषद भरली होती शिक्षणासाठी. काही वर्षांतच ती मताधिकाराच्या वादात उतरली आणि स्त्री-पुरुष सर्वांना सरसकट मत मागू लागली. चिमणाबाई १९५८ पर्यंत हयात होत्या, म्हणजे ती मागणी पुरी झालेली त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

आज मध्य प्रदेशात नगर परिषदांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पीपलरावांची नगर परिषदही याच कायद्याखाली येते. देवासच्या विधानसभेच्या जागेवर २०१५ च्या पोटनिवडणुकीपासून गायत्रीराजे पवार निवडून येत आहेत. आधी ती जागा त्यांच्या पतीकडे होती. आणि राज्यभर एक शब्द सर्रास ऐकू येतो, ‘पार्षदपती’. नगरसेविकेच्या वतीनं बैठकीला बसणारा, फोन उचलणारा नवरा. थट्टेचा शब्द खरा, पण तो सेनसाहेबांच्या अहवालातल्या नोंदीचा आरसाच आहे. तेव्हा बायकोची ओळख नवऱ्यावरून सांगत. आता बायकोच्या पदावरून नवरा ओळखला जातो.

चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. जगभर बायकांसाठी काय काय चाललंय ते आपल्याकडे कळावं, हा हेतू. सहलेखक होते एस. एम. मित्रा. मुखपृष्ठावर मित्रांचं नाव आहे. त्यांच्या आधी चिमणाबाईंचा उल्लेख आहे तो ‘बडोद्याच्या महाराणी’ असा. चाळीस वर्षांनी यादीवाल्यानं तेवढ्यावर नोंद करून घेतली नसती.