संगीतात मास्टर्स : हिशेब पैशाचा आणि शरीराचाही

“कॉम्प्युटर सायन्सची पदवी झाली, रेडमंडला चांगली नोकरी लागली, आणि आता संगीतात मास्टर्स?” आपल्या मंडळातल्या अनेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या येतो. आमच्या बेलव्ह्यूच्या घरी तो २०२३ साली आला. त्यानंतर तीन-चार कुटुंबांनी आमच्याकडे चौकशी केली, म्हणून त्या वेळी केलेला सगळा हिशेब येथे एकत्र मांडत आहे. मी संगीतज्ञ नाही आणि आर्थिक सल्लागारही नाही. व्हायोला वाजवणाऱ्या एका मुलीची आई, एवढाच माझा अधिकार!

पोटापाण्याचे काय?

वडीलधाऱ्यांची ही शंका अगदीच निराधार नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताला शाळेत आणले. पुढे १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन आपल्याकडच्या कित्येक मुली ‘विशारद’ झाल्या. माझ्या सासूबाई त्यांपैकीच. त्या म्हणतात, “आमच्या वेळी विशारदला लग्नाच्या बाजारात मार्क मिळायचे, पगार नाही.”

तरीही एका हातात तंबोरा आणि दुसऱ्या हातात पोटाची विद्या, ही जोडी आपल्याला नवी नाही. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते. डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या घेतल्या होत्या. पुढे एसएनडीटी विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या.

आपल्या तळ्यापलीकडचेच उदाहरण घ्या. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये १९६२ साली रॉबर्ट गार्फियस यांनी एथ्नोम्युझिकॉलॉजीचा, म्हणजे निरनिराळ्या समाजांच्या संगीताच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला. पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांचे गुरुकुल होते, त्या रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी येथे येऊन शिकवले. त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक रमेश गंगोळ्ळी यांनी संगीतातही आपले स्थान निर्माण केले. १९८१ साली ‘रागमाला’ ही संस्था उभी करण्यात त्यांचा वाटा होता.

कोणती मास्टर्स?

‘एम.एम.’ म्हणजे मास्टर ऑफ म्युझिक. ही मुख्यतः वादन, गायन, संचालन किंवा संगीतरचना करणाऱ्यांसाठी असते. येथे प्रवेश ऑडिशनवर ठरतो. ‘एम.ए.’ ही संगीताचा इतिहास, शास्त्र किंवा एथ्नोम्युझिकॉलॉजी अशा अभ्यासासाठी असते. तेथे लेखनाला महत्त्व असते. सरकारी शाळेत संगीत शिकवायचे असेल तर पदवीबरोबर त्या राज्याचे शिक्षक-प्रमाणपत्रही लागते. मुलाला नेमके काय करायचे आहे, हे आधी विचारावे. निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

पैसे कोण देणार?

माझ्या मते “संगीताचा उपयोग काय?” यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा :

१. फाफ्साचा अर्ज भरताना मास्टर्सचा विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो. आई-वडिलांचे उत्पन्न त्यात धरत नाहीत. मात्र केंद्र सरकारच्या कर्जासाठी विद्यार्थी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा लागतो. एच-४ व्हिसावरील मुलांना ते मिळत नाही.

२. हे साधे कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत मिळते आणि त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. त्यावरचा खर्च भागवण्यासाठी पूर्वी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज असे. २०२५ सालच्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केले. त्यामुळे उरलेली रक्कम खाजगी कर्जातून उभी करावी लागते, आणि त्यावर बहुधा आई-वडिलांची सही मागतात.

३. असिस्टंटशिप मिळाली, तर विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गांना शिकवायचे आणि विद्यापीठाने फी माफ करून वर पगार द्यायचा, असा व्यवहार असतो. पगारावर कर भरावा लागतो. शिष्यवृत्तीचा राहण्या-जेवणासाठी वापरलेला भागही करपात्र असतो.

४. येल विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात २००५ साली मिळालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे कोणालाच फी नाही. प्रवेश मिळणे अर्थातच अतिशय कठीण!

५. पश्चिमेकडील राज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘वेस्टर्न रीजनल ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ आहे. त्यात सामील असलेल्या अभ्यासक्रमांना परराज्यातही स्थानिक दरानेच फी पडते.

६. ५२९ खात्यात पदवीनंतर पैसे उरले असतील तर ते मास्टर्सलाही चालतात. शिवाय उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’मुळे वर्षाला २,००० डॉलरपर्यंत कर वाचतो. मात्र एकाच खर्चावर दोन्ही सवलती घेता येत नाहीत.

आमचा ताळेबंद

मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पूर्वेकडच्या एका नामवंत कॉन्झर्व्हेटरीचा सगळा खर्च वर्षाला ७५,००० डॉलर होता आणि शिष्यवृत्ती २०,०००. म्हणजे दोन वर्षांत १,१०,००० डॉलरची तूट. दुसरे एका मिडवेस्टमधल्या राज्याचे विद्यापीठ. तेथे असिस्टंटशिप, फी माफ, नऊ महिन्यांचे १६,००० डॉलर आणि आठवड्याला वीस तास काम.

मुलीचे मन पहिल्या ठिकाणच्या गुरूंवर जडले होते. “बाबा, असे गुरू पुन्हा मिळणार नाहीत,” असे ती म्हणाली, तेव्हा यांनी निवृत्तीच्या ४०१-के खात्यातून पैसे काढण्याची तयारी दाखवली. घरात आठवडाभर कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

मग तिनेच कॉन्झर्व्हेटरीला पत्र लिहून शिष्यवृत्ती वाढवता येईल का, असे विचारले. असे विचारण्यात काही कमीपणा नाही. उत्तर आले, आणखी ३,००० डॉलर. तेव्हा ग्रॅड प्लसवर ८ टक्क्यांहून थोडे जास्त व्याज होते आणि कर्ज देतानाच ४ टक्क्यांहून अधिक शुल्क कापून घेत. मी महिन्याच्या हप्त्याचा आकडा कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवला. तो पाहून तीच म्हणाली, “आई, हा हप्ता भरायला मला पुन्हा रेडमंडच्या नोकरीत जावे लागेल. मग वाजवणार कधी?” तिने मिडवेस्ट निवडले. त्या रात्री ती रडली, हेही सांगितले पाहिजे.

हात, कान आणि गळा

पहिल्याच हिवाळ्यात, रोजच्या पाच-सहा तासांच्या रियाजाने, तिच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी सहा आठवडे वाद्य बंद ठेवायला सांगितले आणि फिजिओथेरपी सुरू केली. सव्वीस वर्षांपर्यंत मुले आई-वडिलांच्या विम्यात राहू शकतात. ती तेव्हा चोवीसची होती, म्हणून खर्च निभावला. तुमचे मूल सव्विशीच्या जवळ असेल तर विद्यापीठाच्या विम्याची चौकशी प्रवेशाआधीच करा. आपला विमा दुसऱ्या राज्यात चालतो का, तेही पाहा.

हाताच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. विख्यात पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६०च्या दशकात आखडू लागली. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्यांना मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवाव्या लागल्या. रियाजात दर तासाला दहा मिनिटे थांबावे. दुखले तर त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवावे.

कानांचेही तसेच. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला फक्त दोन तास. संगीतकारांसाठी खास इयरप्लग मिळतात, ते जरूर घ्यावेत. गाणाऱ्यांनी आवाज बसला तर काढ्यावर महिना काढू नये. घशाच्या तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

अर्ज करणाऱ्यांसाठी

बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला अर्ज, त्याबरोबर ध्वनिचित्रफीत आणि जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन असते. आर्थिक मदतीसह जागा मिळाली, तर बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत विचाराला वेळ देतात. तोपर्यंत घाईने सही करू नये. भावी गुरूंकडे एक धडा आधी जरूर घ्यावा.

मुलीचे शिक्षण २०२५ साली पूर्ण झाले. आता ती एका छोट्या ऑर्केस्ट्रात वाजवते आणि मुलांना शिकवते. पूर्वीच्या पगाराच्या निम्मेही मिळत नाहीत, पण डोक्यावर एका डॉलरचे कर्ज नाही. त्या नामवंत गुरूंची हळहळ तिला अजून वाटते. पण सकाळी उठून व्हायोला हातात घ्यायला ती मोकळी आहे. घरात हा प्रश्न आला, तर “नाही” म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन मुलांशेजारी बसा, एवढीच विनंती.