जलदुर्गाचा वेढा

किल्ला घेण्याची जमिनीवरची रीत ठरलेली असे. वेढा घालून रसद तोडायची, तोफांचे मोर्चे पुढे सरकवायचे, तटाला भिडेल एवढ्या उंचीचा मातीचा दमदमा उभारायचा, बुरुजाखाली सुरुंग पेरायचे आणि खिंडार पडले की आत घुसायचे. शिवाजी महाराजांनी मे १६७५ मध्ये आदिलशाहीकडून फोंड्याचा किल्ला घेतला तो वेढा घालून आणि सुरुंग लावूनच. फोंड्याच्या उत्तरेला मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर मात्र ही रीत लंगडी पडते. तटाखाली खडक आणि सभोवार समुद्र असेल, तर सुरुंग खणायचा कुठे आणि शिडी टेकवायची कशावर?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतलेला, साधारण ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद असा त्याचा तट जवळपास ३ किलोमीटर लांब आहे. तो सरळ जात नाही. बेटाच्या खडकाची कड जशी वळते तसा तटही वळत जातो. त्यामुळे एका टप्प्याखाली आलेल्या शत्रूवर पुढच्या वळणावरून बगलेत मारा बसतो. महादरवाजा दोन बुरुजांच्या मिठीत असा दडवला आहे की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय तो दिसत नाही. आत शिरायचे तर वळण घ्यावे लागते, म्हणजे समुद्रातून नेम धरून दरवाजा फोडणेही जमत नाही.

वेढ्यात सर्वांत आधी तुटते ते पाणी. सिंधुदुर्गाच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या बेटावर हे मोठेच बळ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एकाच ठिकाणावर विसंबू नये, असा आग्रह आहे. पाणी असले की उरतो धान्याचा आणि दारूगोळ्याचा प्रश्न. तो सुटतो किनाऱ्यावरून. सिंधुदुर्गाभोवती पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट का बांधले, याचे उत्तर इथेच मिळते. पद्मगडापर्यंत ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. मुख्य किल्ला आणि जमीन यांच्यामधला पाण्याचा पट्टा आपल्या हाती ठेवणे हे या उपदुर्गांचे काम. जलदुर्गाचा जीव तटात असतो त्याहून जास्त या पट्ट्यात असतो, आणि किनाऱ्यावरच्या एकेका वेढ्याची गोष्ट पाहिली की ते पटत जाते.

खांदेरीचे उदाहरण बोलके आहे. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी मराठे या बेटावर तटबंदी उभारू लागले. इंग्रज जहाजांनी आणि पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या आरमारानेही नाकेबंदी केली, पण मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री किनाऱ्यावरून निघून माणसे आणि सामान बेटावर पोचवत राहिल्या. मोठी शिडाची जहाजे वाऱ्याची वाट पाहत, उथळ पाण्यात शिरायला कचरत. बेट मराठ्यांकडेच राहिले. याच्या उलट बाजू जंजिऱ्याला दिसते. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीच्या खाडीत भर टाकून थेट बेटापर्यंत वाट काढण्याचा प्रयत्न केला. समुद्रालाच जमीन करण्याची ही कल्पना अफाट होती. पण मोगली फौज कोकणात उतरल्याने तिकडे लक्ष वळवावे लागले आणि जंजिरा अजिंक्यच राहिला.

जहाजावरून तट पाडणे त्या काळी फार अवघड होते. तट दगडाचा, जहाज लाकडाचे. बुरुजावरची तोफ स्थिर असते. जहाजावरची तोफ लाटेबरोबर वर-खाली होते. नेम साधायचा तर नांगर टाकून उभे राहावे लागते, आणि उभे जहाज किल्ल्यावरच्या गोलंदाजांना आयते सापडते. शिवाय पावसाळ्यात हा समुद्रच बंद होतो. म्हणजे वेढा घालणाऱ्याला आरमार घेऊन परतावेच लागते आणि आतल्यांना चार महिने श्वास घ्यायला मिळतात.

वाघोटण खाडीच्या मुखावरचा तिहेरी तटाचा विजयदुर्ग याच बळावर टिकला. मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात १७१७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने पाठवलेले आरमार तिथून हात हलवत परतले. तटाला लावायला आणलेल्या शिड्या उंचीला पुरल्याच नाहीत. १७२० मध्ये इंग्रजांनी फ्राम नावाची जाड लाकडाची तरंगती तोफगाडी खास बनवून आणली, तिचाही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डच आले आणि तेही परतले. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी रचना आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली आहे. शत्रूची जहाजे तीवर आदळावीत म्हणून ती बांधली, असे परंपरा सांगते.

हाच किल्ला फेब्रुवारी १७५६ मध्ये दोन दिवसांत पडला. तट तोच होता, तोफाही भरपूर होत्या. बदलले ते भोवतालचे राजकारण. किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे बिनसले होते, आणि पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला होता. जमिनीकडून पेशव्यांची फौज, समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि त्यावर रॉबर्ट क्लाइव्हची पलटण, अशी कोंडी प्रथमच झाली. कमोडोर जेम्सने आधीच येऊन पाण्याची खोली मोजून नेली होती. १२ तारखेला दुपारी जहाजे दोन रांगांत खाडीत शिरली. मोठी जहाजे तटाच्या बाजूला, बाँबफेकी गलबते त्यांच्या आडोशाला. या गलबतांवरून सुटलेला एक गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले ते जहाज पेटले आणि शेजारी नांगरलेले सारे आरमार जळून गेले. रात्री क्लाइव्हने फौज उतरवली ती किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्यामध्ये, म्हणजे मित्रालाच अडवण्यासाठी. १३ तारखेला किल्ला हाती आला. त्यात सुमारे २५० तोफा आणि जवळपास १० लाख रुपयांचा ऐवज होता. तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. मराठी आरमाराचा सर्वांत लढाऊ भाग मराठी दरबाराच्या संमतीने जळाला, ही या किनाऱ्याच्या इतिहासातली फार मोठी हानी होय.

आजची मुले वेढ्याचे तंत्र शिकतात ते बहुधा व्हिडिओ गेममधून. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये (१९९९) किल्ल्याच्या माऱ्याबाहेर ट्रेबुशे हे दगडफेके यंत्र उभे करून तट फोडायचा, ही पहिली युक्ती. किनाऱ्यावर तेच काम तोफांचे गलबत करते. ‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये (२००९) मराठा राज्य घेऊन खेळता येते. पण तिथे समुद्राची लढाई वेगळी आणि किल्ल्याची वेगळी. वेढ्याच्या लढाईत आरमाराला जागाच नाही. त्यामुळे १७५६ चा विजयदुर्ग जसा घडला तसा या खेळात घडवता येत नाही. त्याच मालिकेतल्या ‘फॉल ऑफ द सामुराई’ ने (२०१२) जहाजांवरून जमिनीवर मारा करण्याची सोय दिली. तरी भरती-ओहोटी आणि पाण्याखालचे खडक ठाऊक असलेला तांडेल या हिशेबात धरायचे राहूनच जाते. मालवणच्या बंदरात मात्र त्याच्याशिवाय परक्या जहाजाचे पान हलत नसे.

सिंधुदुर्ग इंग्रजांनी घेतला तो १७६५ मध्ये. करवीरच्या (कोल्हापूरच्या) गादीचा कारभार तेव्हा राणी जिजाबाई पाहत होत्या आणि मालवणची गलबते ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराला जाच करीत होती. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी किल्ला जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले; रेडीचा यशवंतगडही त्याच मोहिमेत घेतला. पण घेतलेला जलदुर्ग राखणे हा वेगळाच खर्च. आत शिबंदी ठेवायची आणि मुलूख नसलेल्या जागी तिला पोसायचे, हे कंपनीला परवडेना. एवढी तटबंदी पाडून टाकणेही सोपे नव्हते. १७६६ मध्ये रोख रक्कम आणि व्यापाराला त्रास न देण्याची हमी घेऊन तिने तो करवीरला परत केला. पुढे १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवण बंदरासह सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांना दिले. वेढा पडला नाही, तोफ डागावी लागली नाही. १७५६ नंतर पेशव्यांकडे आलेला आणि त्यांच्या आरमाराचे प्रमुख धुळप यांच्या हाती असलेला विजयदुर्ग १८१८ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर, इंग्रजांच्या स्वाधीन झाला.