फोन आपला, कुलूप कोणाचे?

गेल्या सत्रात नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या चुलतभावाने घरातला फोन ‘रूट’ केला होता आणि तेव्हापासून वडिलांचे बँकेचे ॲप त्यावर चालेनासे झाले होते. “सर, फोन आमचा, पैसे आम्ही मोजले. मग त्याचे कुलूप आम्हीच उघडले, तर बँकेने का रुसावे?” प्रश्न रास्त होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्मार्टफोन हा नुसता दूरध्वनी नव्हे; तो खिशात मावणारा संगणक होय. त्याचा सारा कारभार ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ नावाची मूळ आज्ञावली पाहते. तिला एखाद्या मोठ्या वाड्याची उपमा देता येईल. आपण घेतलेले प्रत्येक ॲप हे त्या वाड्यातील बिऱ्हाड. त्याला आपली एक खोली मिळते. शेजारच्या खोलीत डोकावण्याची मुभा त्याला नसते. किंबहुना, फोन विकत घेणाऱ्यालाही या वाड्याच्या माजघरात प्रवेश नसतो. सर्व दालने उघडण्याचा जो सर्वाधिकार, त्याला युनिक्स या जुन्या प्रणालीच्या परिभाषेत ‘रूट’, म्हणजे मूळ, असे म्हणतात. अँड्रॉइड फोनवर हा अधिकार मिळविणे म्हणजे ‘रूट करणे’. आयफोनवरील तशाच कृतीस ‘जेलब्रेक’, म्हणजे तुरुंग फोडणे, असे नाव पडले आहे. एकाच कंपनीचे सिमकार्ड चालावे म्हणून फोनला घातलेले कुलूप मात्र निराळे. या दोहोंची गल्लत करू नये.

आता हा पहारा चालतो कसा? फोन सुरू होताच चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती पुढच्या आज्ञावलीवरील कंपनीची सांकेतिक स्वाक्षरी तपासते आणि ती जुळली तरच कारभार तिच्या हाती सोपविते. ती दुसरी तिसरीची स्वाक्षरी पाहते. अशी ही साखळी ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोचते. आयफोनमध्ये तर प्रत्येक ॲपचीही स्वाक्षरी पाहिली जाते. या साखळीतील एखादी फट हेरून पहारा चुकविणे, हेच जेलब्रेकचे मर्म होय. अँड्रॉइडचे काही निर्माते साखळीचे पहिले कुलूप उघडण्याची सोय स्वतःच देतात. परंतु तसे करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. चोराने फोन पळवून कुलूप उघडले, तरी त्याच्या हाती काही लागू नये, हा त्यातील हेतू.

मनुष्य हा खटाटोप का करतो, हे इतिहासावरून कळेल. ॲपल कंपनीचा पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा बाहेरच्यांनी रचलेले ॲप त्यावर बसविण्याची सोयच नव्हती. काही आठवड्यांतच हौशी तंत्रज्ञांनी त्याचा पहारा चुकविला. कंपनीने आपले ॲप स्टोअर उघडले ते जुलै २००८ मध्ये. म्हणजे बाहेरची ॲप आयफोनवर आधी चालली, ती कुलूप तोडणाऱ्यांच्या हाती! अमेरिकेतील १९९८ चा कायदा अशी सांकेतिक कुलपे चुकविण्यास मनाई करीत होता. परंतु रीतसर मिळविलेली ॲप चालविण्यासाठी फोनचे कुलूप उघडणे हा त्यास अपवाद समजावा, असे जुलै २०१० मध्ये ठरले. आणि हा निर्णय कोणा न्यायाधीशाने नव्हे, तर तेथील काँग्रेसच्या ग्रंथपालांनी दिला.

आम्हां गोमंतकीयांस हा प्रश्न अगदीच नवा नाही. मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतो; पण खालची भूमी भाटकाराची, म्हणून घर वाढवावयाचे तर भाटकाराची मर्जी पाहावी लागे. मुंडकारास संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला. जेथे आपण राहतो, तेथे आपला अधिकार कितपत, हाच प्रश्न आज खिशातल्या यंत्रापाशी येऊन उभा राहिला आहे.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कुलूप उघडलेल्या अनेक आयफोनवर दुरून प्रवेश करण्याची सोय बसविलेली असे आणि तिचा मूळ परवलीचा शब्द सर्वत्र एकच होता. ज्यांनी तो बदलला नाही, त्यांच्यापैकी ऑस्ट्रेलियातील काहींच्या फोनमध्ये नोव्हेंबर २००९ मध्ये एक संगणकी कीड शिरली. ती केवळ पडद्यावर एका गायकाचे चित्र लावून थट्टा करीत होती. परंतु त्याच महिन्यात दुसरी कीड आली, ती नेदरलँड्समधील एका बँकेच्या ग्राहकांना फसविण्यासाठी!

त्याहून गंभीर प्रसंग ऑगस्ट २०१६ मधील. संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या फोनवर एक संदेश आला. त्यातील दुवा त्यांनी उघडला असता, तर त्यांच्या नकळत फोनचा जेलब्रेक होऊन त्यात ‘पेगॅसस’ ही हेर आज्ञावली बसली असती. त्यांना संशय आला. त्यांनी तो दुवा न उघडता तज्ज्ञांकडे धाडला, आणि तो डाव उघडकीस आला. ज्या प्रकारच्या फटीतून मालक स्वातंत्र्य मिळवितो, त्याच प्रकारच्या फटीतून शत्रूही घरात येतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. बँकेच्या ॲपला दारावरचा पहारेकरी नाहीसा झालेला दिसतो. त्यास मालकाने निरोप दिला की चोराने बांधून घातले, हे त्या ॲपला कळण्यास मार्ग नाही. म्हणून ते आपली पेटी उघडीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वस्तूच्या अंतरंगात काय आहे हे जाणण्याची इच्छा निंद्य नव्हे. ज्ञानाचा उगमच तेथे आहे. परंतु प्रयोग करावयाचा तो स्वतःच्या, जुन्या, बँकेशी संबंध नसलेल्या फोनवर, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस सांगून. पहारेकऱ्यास निरोप दिला की रात्रीचा जागता पहारा आपल्याकडे येतो, हे ज्याने ओळखले, त्यानेच किल्ली हाती घ्यावी.