उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करावी का?

मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. बीडमध्ये पारा चाळिशीपार गेला आहे आणि धुळे–सोलापूर महामार्गावरून मोटारी वेगाने धावत आहेत. अशा दिवसांत एक सल्ला हमखास ऐकू येतो, "ऊन फार आहे. हवा थोडी कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल!" उष्णतेने हवा प्रसरण पावते हे आपण शिकलेलो असतो, म्हणून तो पटतोही. पण हा सल्ला धोक्याचा आहे.

आधी हिशेब करू. सकाळी २७ अंश सेल्सियसला, म्हणजे ३०० केल्विनला, टायरमध्ये ३३ पौंड हवा भरली. मापक वातावरणाचा दाब धरत नाही. तो सुमारे १५ पौंड मिळवला की खरा दाब ४८ होतो. धावून टायर ५७ अंशांपर्यंत, म्हणजे ३३० केल्विनपर्यंत तापला, तर दाब एकदशांशाने वाढून सुमारे ५३ होईल. मापक ३८ दाखवील. एवढी वाढ सोसेल असाच टायर बनवलेला असतो.

मग टायर फुटतो कशाने? लोखंडी तार एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकवा आणि बोट लावून पाहा. तार तापलेली असेल. टायरचेही तसेच आहे. रस्त्याला टेकलेला भाग दबतो व पुढे जाताच पुन्हा फुगतो. दोन मीटर परिघाचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदात सुमारे १४ फेरे घेते. म्हणजे प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबतो. हवा कमी असली की कड जास्त वाकते, रबर आतून जास्त तापते, थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. वेग जितका अधिक, तितका हा धोका अधिक.

आता निवडीकडे वळू. टायरच्या कडेवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे काही लिहिलेले आढळेल. रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, रिम १६ इंची. ९१ म्हणजे ६१५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेगमर्यादा. वेगवान मोटारींचे टायर रुंद, बुटक्या कडेचे व मऊ रबराचे असतात. मऊ रबर खडबडीत रस्त्याला घट्ट धरते, पण लवकर झिजते. बुटकी कड मांजरसुंब्याच्या घाटातल्या वळणांवर कमी डोलते. पण गावाकडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात रिमला दणका बसू देते. म्हणून टायर केवळ मोटारीला शोभणारा नको, आपल्या रस्त्यांना मानवणारा हवा.

निगा सोपी आहे. दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेला दाब पाहा आणि महिन्यातून दोनदा, गाडी हलवण्यापूर्वी, तेवढी हवा आहे ना ते तपासा. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. वरच्या उदाहरणात ३८ची ३३ केली, तर दुसऱ्या सकाळी जेमतेम २९ उरेल! खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीला आला की तो बदलावाच लागतो.

उद्या सकाळी एखाद्या उभ्या मोटारीच्या टायरची हवा घरच्यांसोबत मोजा. तीच मोटार तासभर धावून आली की पुन्हा मोजा आणि वाढलेल्या दाबावरून टायरचे तापमान काढून पाहा. पुस्तकातला वायूचा नियम तुम्हाला रस्त्यावर भेटेल.